परदेशी लष्करांतले हुद्दे आपल्याशी कसे जुळवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नलपासून वरच्या हुद्द्यांबद्दल तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून ते एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या उत्तरात आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भारतीय लष्करात कर्नलच्या वर कोणते हुद्दे आहेत, आणि त्या माणसाच्या हाताखाली किती फौज असते?

कर्नलच्या वर ब्रिगेडिअर, मग मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल आणि जनरल. त्याही वर फील्ड मार्शल, पण तो नेहमीच्या बढतीतला हुद्दा नव्हे (प्रश्न १२). ब्रिगेडिअर ब्रिगेड सांभाळतो, म्हणजे साधारण तीन बटालियन. मेजर जनरलकडे डिव्हिजन असते, म्हणजे काही ब्रिगेड मिळून, आणि लेफ्टनंट जनरलकडे कोअर, म्हणजे काही डिव्हिजन मिळून. पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडसारख्या कमांडचा प्रमुखही लेफ्टनंट जनरलच असतो. कोअर कमांडर त्याच्या हाताखाली असतो, तरी दोघांचा हुद्दा एकच, फरक फक्त पदाचा आणि वेतनश्रेणीचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे बऱ्याच ठिकाणी ती कामाला येईल. जनरल म्हणजे लष्करप्रमुख. २०२० पासून संरक्षण दल प्रमुख हे पद आलं, त्यालाही चार तारेच आहेत.

२. 'टू स्टार', 'थ्री स्टार' म्हणजे काय? खांद्यावर तीन स्टार तर कॅप्टनलाही असतात!

ही गल्लत सगळ्यात जास्त होते. खांद्यावरचे तारे वेगळे आणि 'स्टार रँक' वेगळी. आपल्या कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे असतात. ब्रिगेडिअरच्या खांद्यावरही तीनच, वर राजमुद्रा. मेजर जनरलच्या खांद्यावर तलवार आणि बॅटनची फुली, सोबत एकच तारा. खांदा मोजत बसलात तर मेजर जनरल ब्रिगेडिअरपेक्षा धाकटा ठरेल.

स्टार रँक बघायची ती कॉलरवरच्या लाल पट्टीवर आणि गाडीच्या तांबड्या पाटीवर. ब्रिगेडिअरला एक, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन, जनरलला चार. पुण्यात कॅम्पात किंवा घोरपडीकडे लष्करी गाडी दिसली तर पुढच्या पाटीवरचे तारे मोजा, आत कोण बसलं आहे ते कळेल. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडिअर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला आहे. रेजिमेंटप्रमाणे बदलणारी टोपी, पट्टा, दोरी यांवरून आता काही ओळखता येत नाही.

३. लेफ्टनंट मेजरपेक्षा धाकटा, मग लेफ्टनंट जनरल मेजर जनरलपेक्षा मोठा कसा?

जुन्या युरोपी फौजांत सेनापतीच्या खालोखाल त्याचा लेफ्टनंट, म्हणजे नायब असे. त्याच्या खाली सार्जंट मेजर जनरल. पुढे त्यातला 'सार्जंट' गळाला आणि 'मेजर जनरल' एवढंच राहिलं. म्हणजे या हुद्द्याचा संबंध मेजरशी नसून सार्जंट मेजरशी आहे.

४. ब्रिगेडिअर आणि ब्रिगेडिअर जनरल एकच का?

पायरी एकच, पण बिरुद एक नाही. ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धानंतर ब्रिगेडिअर जनरल हा हुद्दा मोडीत काढला. मध्ये काही वर्षं कर्नल कमांडंट असं नाव चाललं आणि १९२८ मध्ये नुसता 'ब्रिगेडिअर' आला. तेव्हापासून ब्रिटिश पठडीत ब्रिगेडिअर हा जनरलांत मोडत नाही. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया, श्रीलंका इथे हीच रीत आहे. अमेरिका, जर्मनी, नेपाळ, बांगलादेश यांच्याकडे मात्र त्या पायरीवरचा माणूस ब्रिगेडिअर जनरल, आणि तो जनरलच. कॅनडा ब्रिटिश घराण्यातला असूनही तिथे ब्रिगेडिअर जनरलच चालतो.

बातमी लिहिणाऱ्यांना एक विनंती: भारतीय ब्रिगेडिअरला 'जनरल साहेब' करू नका आणि अमेरिकन ब्रिगेडिअर जनरलचा 'ब्रिगेडिअर' करू नका. दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसतात, पण ज्याचं त्याचं बिरुद ज्याच्या त्याच्याकडे राहू द्या.

५. नेटोचा 'ओएफ' तक्ता म्हणतात तो काय? भारत नेटोत नाही, मग तो आपल्याला कशाला?

नेटोतल्या देशांनी आपापले हुद्दे एका मापाने मोजता यावेत म्हणून अधिकाऱ्यांना ओएफ-१ ते ओएफ-१० असे क्रमांक दिले आहेत. सेकंड लेफ्टनंट आणि लेफ्टनंट दोघेही ओएफ-१ मध्ये येतात, कर्नल ओएफ-५, ब्रिगेडिअर ओएफ-६, मेजर जनरल ओएफ-७, लेफ्टनंट जनरल ओएफ-८, जनरल ओएफ-९, फील्ड मार्शल ओएफ-१०. आकड्यातून पाच वजा केले की तारे मिळतात.

भारताला हा तक्ता बांधील नाही, पण आपली शिडी ब्रिटिश असल्यामुळे ती त्यात अलगद बसते. ज्यांची शिडी वेगळी आहे त्यांना त्यात कोंबायला गेलं की भांडणं सुरू होतात. पुढचे चार प्रश्न त्याबद्दलच आहेत.

६. रशियाचा मेजर जनरल आपल्या मेजर जनरलच्या बरोबरीचा धरायचा का?

नाव तेच, पायरी वेगळी. रशियात ब्रिगेडिअर नाहीच. कर्नलच्या वर थेट मेजर जनरल येतो आणि त्याच्या खांद्यावर एक तारा. मग लेफ्टनंट जनरलला दोन, कर्नल जनरलला तीन, आणि त्यावर आर्मी जनरल. म्हणजे चारच पायऱ्या, आपल्याइतक्याच, फक्त नावं एकेक घर खाली सरकलेली. सगळ्यात वर रशियन फेडरेशनचा मार्शल. तो मान १९९७ मध्ये इगोर सेर्गेयेव यांना मिळाला, त्यानंतर कुणालाच नाही.

आता काही तक्ते नावाला नाव जोडतात आणि ब्रिगेडिअरचा रकाना रिकामा सोडतात. तसं केलं की कर्नल जनरलला कुठे बसवायचं हा पेच पडतो, कारण लेफ्टनंट जनरल आणि जनरल यांच्यामध्ये आपल्याकडे जागाच नाही. माझं मत विचाराल तर शिडी खालून, कर्नलपासून मोजावी: रशियन मेजर जनरल एक तारा, कर्नल जनरल तीन तारे. कामाशी ताडून पाहिलं तरी हे बरंचसं पटतं. रशियाच्या लष्करी जिल्ह्याचा प्रमुख बहुधा कर्नल जनरल असतो आणि आपल्या कमांडचा प्रमुख लेफ्टनंट जनरल. दोन्हीकडे तीन तारे.

पण सगळीकडे पटत नाही. रशियाच्या एका 'आर्मी'चा, म्हणजे आपल्या कोअरएवढ्या फौजेचा, प्रमुख कधी लेफ्टनंट जनरल असतो तर कधी मेजर जनरलच. तिथे पद मोठं आणि हुद्दा मागे, असा प्रकार होतो. युक्रेनची शिडीही अशीच सोव्हिएत होती. त्यांनी २०२० मध्ये ब्रिगेडिअर जनरल आणला आणि कर्नल जनरल काढून टाकला. त्यामुळे युक्रेनचा मेजर जनरल कुठल्या सालचा, हे बघितल्याशिवाय त्याचे तारे सांगता येत नाहीत.

७. लडाखच्या बोलणीत आपल्याकडून लेफ्टनंट जनरल आणि चीनकडून मेजर जनरल, हा आपला कमीपणा नाही का?

६ जून २०२० ला चुशूल-मोल्डो इथे पहिली मोठी बैठक झाली, तेव्हापासून हा प्रश्न येतोच आहे. आपल्याकडून १४ व्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग, समोर दक्षिण शिनजियांग लष्करी जिल्ह्याचे प्रमुख मेजर जनरल लिउ लिन. गणवेशावर पाहिलं तर आपले तीन तारे आणि त्यांचा एक. लोक चिडले.

चिनी शिडी अशी आहे: कर्नलच्या वर वरिष्ठ कर्नल, चिनी भाषेत 'ता-श्याव'. मग मेजर जनरल एक तारा, लेफ्टनंट जनरल दोन, जनरल तीन. चौथा तारा कुणालाच नाही. त्यांचे सर्वोच्च सेनाधिकारीही तीनच ताऱ्यांचे. म्हणून चिनी तीन तारे आपल्या तीन ताऱ्यांशी जोडायचे नाहीत, ते आपल्या जनरलच्या जागी बसतात. वरिष्ठ कर्नलला ब्रिगेडिअरच्या जागी धरलं की मेजर जनरल मेजर जनरलशी जुळतो. तरीही त्या दिवशी एका पायरीचा फरक उरतोच.

तो का चालवून घेतला? कारण अशा बैठकीत जोडी हुद्द्याची नसते, पदाची असते. त्या भागातल्या फौजेला हुकूम देणारा माणूस आमचा कोण आणि तुमचा कोण, एवढंच बघितलं जातं. चीनच्या सैन्यात परंपरेने पदाची श्रेणी आधी आणि खांद्यावरचा हुद्दा नंतर. हुद्द्यांवाचूनही त्यांचं बराच काळ चाललं: १९५५ मध्ये हुद्दे आले, दहा मार्शलही झाले, १९६५ मध्ये सगळेच रद्द झाले आणि १९८८ मध्ये परत आले. १९६७ मध्ये नथु लाला आपल्यासमोर जे चिनी अधिकारी उभे होते त्यांना हुद्दाच नव्हता, पद तेवढं होतं.

८. फ्रेंच जनरलला पाच तारे असतात. तो फील्ड मार्शलच्या बरोबरीचा झाला ना?

नाही. फ्रान्समध्ये मोजणी दोनपासून सुरू होते. ब्रिगेड जनरलला दोन, डिव्हिजन जनरलला तीन, कोअर जनरलला चार, आर्मी जनरलला पाच. प्रत्येकातून एक वजा करा, आपल्या ओळखीचे तारे मिळतील. हुद्द्याच्या नावातच फौजेचा आकार सांगून टाकलेला असल्यामुळे ही सगळ्यात सरळ पद्धत आहे, असं मला वाटतं. ब्राझीलच्या लष्करातही दोन ताऱ्यांपासूनच सुरुवात होते.

चार्ल्स द गॉल १९४० मध्ये हंगामी ब्रिगेड जनरल झाले आणि पुढे राष्ट्राध्यक्षपदी असतानाही गणवेशावर तेच दोन तारे लावत राहिले. आपल्या हिशेबात एकच तारा! फ्रान्सचा मार्शल सात ताऱ्यांचा असतो, पण कायद्याने तो हुद्दा नसून सन्मान आहे.

९. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन 'जनरलमायोर' आणि आजचा जर्मन 'जनरलमायोर' एकच का?

एक नाही. हिटलरच्या काळच्या फौजेत कर्नलच्या वर थेट जनरलमायोर, मग जनरललॉइटनांट, मग पायदळाचा किंवा रणगाडा दलाचा जनरल, मग जनरलओबर्स्ट आणि शेवटी फील्ड मार्शल. रशियन शिडीसारखीच ही ब्रिगेडिअर नसलेली शिडी, फक्त नावं थोडी निराळी. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य उभं राहिलं तेव्हा त्यांनी नेटोशी जुळवून घेत खाली ब्रिगेडजनरल घातला आणि जनरलओबर्स्ट वगळला. त्यामुळे जुना जनरलमायोर एक ताऱ्याचा आणि नवा दोन ताऱ्यांचा. पूर्व जर्मनीने मात्र सोव्हिएत शिडी घेतली होती.

इथेही काम आणि हुद्दा यांची फारकत दिसते. रोमेलने १९४० मध्ये फ्रान्सवर चाल केली तेव्हा तो जनरलमायोर होता आणि त्याच्या हाताखाली अख्खी रणगाडा डिव्हिजन होती.

१०. इस्रायलचा लष्करप्रमुख नुसता लेफ्टनंट जनरल आणि इराणचे सर्वोच्च सेनानी मेजर जनरल कसे?

प्रत्येक देश शिडी चारापर्यंत नेतोच असं नाही. इस्रायलमध्ये 'राव अलुफ' हा सर्वोच्च हुद्दा आणि तो एकावेळी एकाच माणसाला मिळतो, लष्करप्रमुखाला. परदेशी भाषेत त्याला लेफ्टनंट जनरल म्हणायचं ठरलं, इतकंच. श्रीलंकेचा लष्करप्रमुखही बहुधा लेफ्टनंट जनरल असतो. स्वित्झर्लंडमध्ये शांततेच्या काळात जनरल नसतोच. युद्धाचं सावट आलं की संसद निवडते. १९३९ मध्ये हेन्री गिसाँ असेच निवडले गेले. एरवी कोअर कमांडर हाच सर्वोच्च.

इराणमध्ये 'सरतीप' म्हणजे ब्रिगेडिअर जनरल आणि 'सरलश्कर' म्हणजे मेजर जनरल. सर्वोच्च पदांवरची माणसं बहुधा सरलश्करच असतात. कासिम सुलेमानी सरलश्कर होते. जानेवारी २०२० मध्ये मारले गेल्यावर त्यांना वरचा हुद्दा मरणोत्तर दिला गेला. आपल्याला हा शब्द परका नाही, शाहू महाराजांच्या काळातले सरलष्कर हैबतराव निंबाळकर इतिहासात भेटतातच. दोन्हीकडे शब्द फारसीतून आला, पण तेवढ्यावरून निंबाळकरांना मेजर जनरल करू नये (प्रश्न १४).

अशा प्रमुखाला आपल्या मेजर जनरलच्या शेजारी बसवणं राजशिष्टाचारात चुकीचं ठरेल. तो आपल्या लष्करप्रमुखाचा समकक्ष.

११. अमेरिकेत चार ताऱ्यांचे जनरल डझनांनी आणि आपल्याकडे मोजून चार. मग त्यांचा जनरल आपल्या जनरलएवढाच मोठा?

तक्त्यात हो, वजनात नाही. आपल्याकडे चार ताऱ्यांचे म्हणजे तीन दलांचे प्रमुख आणि संरक्षण दल प्रमुख. अमेरिकेत दलप्रमुखांखेरीज प्रादेशिक कमांडांचे प्रमुखही चार ताऱ्यांचे. आपल्या कमांडांचे प्रमुख तीन ताऱ्यांचे. आता बोलणी करताना कोण कुणासमोर बसेल, हे आमंत्रणात पद बघून ठरतं.

खालच्या पायऱ्यांवर तर आणखी गंमत आहे. अमेरिकेत ब्रिगेड कर्नलकडे असते, आपल्याकडे ब्रिगेडिअरकडे. बटालियन त्यांच्याकडे लेफ्टनंट कर्नल सांभाळतो. आपल्याकडेही तसंच होतं, पण अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशींनंतर, २००४ पासून, ती कर्नलकडे गेली. म्हणजे संयुक्त सरावात आपला कर्नल आठेकशे माणसांचा आणि त्यांचा कर्नल काही हजारांचा असू शकतो. हुद्दा तोच, ओएफ-५.

१२. फील्ड मार्शल सगळीकडे असतो का? तो निवृत्त होतो का?

भारतात लष्कराचे दोनच झाले: सॅम माणेकशॉ १ जानेवारी १९७३ ला आणि के. एम. करिअप्पा १९८६ मध्ये, निवृत्तीनंतर तेहतीस वर्षांनी. हवाई दलात अर्जन सिंग २००२ मध्ये. नौदलात अजून कोणी नाही. हा हुद्दा मिळालेला माणूस कागदोपत्री तहहयात सेवेत असतो. पाकिस्तानात १९५९ मध्ये अयुब खान आणि मे २०२५ मध्ये असीम मुनीर, श्रीलंकेत २०१५ मध्ये सरथ फोन्सेका.

अमेरिकेने पाच ताऱ्यांचा हुद्दा डिसेंबर १९४४ मध्ये सुरू केला आणि १९५० मध्ये ओमर ब्रॅडलींनंतर कुणालाच दिला नाही. तो सुरू करण्यामागची अडचण मजेशीर होती. १ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटनचे माँटगोमेरी फील्ड मार्शल झाले. त्यांचे वरिष्ठ सरसेनापती आयसेनहॉवर अजून चार ताऱ्यांचे जनरल. साडेतीन महिने हुद्द्याने मोठा माणूस हुद्द्याने लहान माणसाचे हुकूम घेत होता, आणि युद्ध चालूच होतं.

१३. नौदल आणि हवाई दल यांत कसं जुळवायचं?

ब्रिगेडिअर म्हणजे नौदलात कमोडोर आणि हवाई दलात एअर कमोडोर. मेजर जनरल म्हणजे रिअर ॲडमिरल आणि एअर व्हाइस मार्शल. लेफ्टनंट जनरल म्हणजे व्हाइस ॲडमिरल आणि एअर मार्शल. खड्डा एकच आहे: नौदलाचा कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा, लष्कराचा कॅप्टन त्याच्या तीन पायऱ्या खाली. अमेरिकन नौदलात एक तारा आणि दोन तारे, दोघांनाही रिअर ॲडमिरल म्हणतात, तेव्हा तारे विचारून घ्या.

१४. सरनोबत, पंचहजारी हे आजच्या कोणत्या हुद्द्याच्या बरोबर?

दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. जुळवू नका, हे माझं उत्तर. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. इथे पंचहजारी म्हणजे प्रत्यक्ष स्वारांचा सेनानी. मोगलांची पंचहजारी मनसब मात्र दरबारातला दर्जा आणि तनखा ठरवणारा आकडा. शब्द एक, मोजमाप दोन.

मे १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात हाच आकडा नडला. पंचहजारी मनसब शंभूराजांना नवव्या वर्षाच्या आतच मिळाली होती, आणि महाराजांना पंचहजाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. पुढे काय झालं ते सांगायला नको.

१५. अनोळखी लष्कराचा हुद्दा दिसला तर कुठून सुरुवात करू?

कर्नलपासून. कर्नल ही पायरी जवळजवळ सगळीकडे एकाच जागी असते. तिच्यावर किती पायऱ्या आहेत आणि ब्रिगेडिअर आहे की नाही ते बघा. मग तो माणूस कोणती फौज सांभाळतो ते बघा आणि शेवटी साल तपासा. तारे सगळ्यात शेवटी मोजा. नेपाळवर करून बघा, आपल्याला सोपं जाईल: महासेनानी म्हणजे कर्नल, मग सहायक रथी, उपरथी, रथी, महारथी. चार पायऱ्या, ब्रिगेडिअर जनरल आहे, महारथी म्हणजे लष्करप्रमुख. झालं. १९५० पासून दोन्ही देश एकमेकांच्या लष्करप्रमुखांना मानद जनरल करतात. नोव्हेंबर २०२० मध्ये काठमांडूला जनरल मनोज नरवणे यांना तो मान मिळाला.

१६. एक लेफ्टनंट जनरल स्वतःला 'कर्नल ऑफ द मराठा लाइट इन्फंट्री' म्हणवतात. त्यांची पदावनती झाली का?

नाही हो. तो हुद्दा नाही, रेजिमेंटच्या वडीलधाऱ्याचा मान आहे. तो बहुधा त्याच रेजिमेंटच्या ज्येष्ठ जनरलकडे जातो. मूळ हुद्दा आणि पगार जागच्या जागी.

उलटही घडतं. अमेरिकन यादवी युद्धात मेजर जनरल म्हणून गाजलेला कस्टर १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेला तेव्हा प्रत्यक्षात लेफ्टनंट कर्नल होता. लोक 'जनरल' म्हणत राहिले. मानद हुद्द्यांचंही तसंच. सचिन तेंडुलकर हवाई दलाचे मानद ग्रुप कॅप्टन आहेत, म्हणजे कर्नलच्या बरोबरीचे, पण हाताखाली तुकडी नाही.

१७. आमच्या गावचे सुभेदार मेजर मानद कॅप्टन होऊन निवृत्त झाले. अमेरिकेत त्यांना काय म्हणतील?

सुभेदार मेजर हा मेजरच्या वरचा हुद्दा नाही, आणि अमेरिकन वॉरंट ऑफिसरही नाही. त्यांचा वॉरंट ऑफिसर बहुधा एखाद्या तांत्रिक कामातला तज्ज्ञ असतो. आपला सुभेदार मेजर म्हणजे जवानांतून वर आलेला, बटालियनमधल्या जवानांचा सगळ्यात ज्येष्ठ माणूस, ज्याचा सल्ला कर्नलही घेतो. ओएफ तक्त्यात त्याला रकाना नाही. परदेशी पाहुण्यांना ओळख करून देताना 'सुभेदार मेजर, मानद कॅप्टन' असंच म्हणा आणि एका वाक्यात काम सांगा. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.